झिजलेलं रोमन नाणं आणि चिंचेचं पाणी

जुन्या नाण्यांच्या हौशी मंडळींत एक मजकूर वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रोमन नाण्यावरची अक्षरं पुसली असली तर ते ओळखता येत नाही, भंगार समजा. अक्षरं वाचता आली तर काम झालं. नाहीतर चेहऱ्यावरून सम्राट ओळखा. आणि काहीच दिसत नसेल तर चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासा, सगळं वर येतं. यातलं चेहऱ्याचं निम्मं खरं आहे. चिंचेचा सल्ला मात्र नाण्याच्या जिवावर उठणारा.

आधी 'भंगार' बघू. झिजलेली म्हणून जी रोमन नाणी हाती येतात, त्यांत मोठा भरणा चौथ्या शतकातल्या तांब्या-ब्राँझच्या चिल्लरीचा. या चिल्लरीच्या मागच्या बाजूवरची चित्रं मोजकी आहेत आणि तीच तीच परत येतात. दोन सैनिक उभे, मध्ये लष्करी निशाणं. निशाणं दोन असली तर नाणं साधारण 330 ते 335 मधलं, एकच असलं तर 335 ते 341 मधलं. एक अक्षर न वाचता आपण पाच-सहा वर्षांच्या टप्प्यात आलो! घोडेस्वाराला भाल्यानं लोळवणारा सैनिक दिसला तर 348 नंतरचं. लांडगी आणि तिला लुचणारी दोन बाळं असतील तर 330 पासूनच्या दहाएक वर्षांतलं. या लांडगीवाल्या नाण्यावर सम्राट नसतोच, शिरस्त्राण घातलेली रोमा देवी असते. त्यामुळे त्यावर सम्राटाचं नाव शोधणारा माणूस जन्मभर शोधत बसेल. कैद्याला फरपटत नेणारी विजयदेवता असेल आणि नाणं जेमतेम 12-13 मिलिमीटरचं, ग्रॅमभर वजनाचं असेल, तर शतकाच्या अगदी अखेरीकडे या. म्हणून भिंगाइतकाच सोनाराचा छोटा काटाही हवा.

आणखी एक. अक्षरं 'पुसली' असं आपण धरून चालतो, पण या बारक्या नाण्यांवर कित्येकदा ती उमटलेलीच नसतात. ठसा मोठा, धातूची चकती लहान. मग कडेचा लेख चकतीबाहेर गेला. तिथे झिजेला दोष देण्यात अर्थ नाही.

उलट झीज स्वतःच बोलते. रोमन सेनापती मार्क अँटनीनं इसवी सनापूर्वी 32-31 मध्ये सैन्याच्या पगारासाठी पाडलेली चांदीची नाणी घ्या. पुढे वल्ह्यांचं जहाज, मागे दोन निशाणांमध्ये गरुड. चांदी जरा हिणकस, त्यामुळे लोकांनी चांगली नाणी साठवली आणि ही खर्चली. दोनशेहून अधिक वर्षं ती फिरत राहिली. गुळगुळीत चांदीवर वल्ह्यांच्या रेघा आणि दोन उभे दांडे एवढंच उरलं असलं, तरी जाणकार फार वेळ घेत नाही.

आपल्या बाजूचंही उदाहरण आहे. तमिळनाडूत करूर, मदुराई या भागांत आणि श्रीलंकेत अशी उशिराची बारकी रोमन चिल्लर बरीच सापडली आहे, बहुतेक अतिशय झिजलेली. तीही भंगार म्हणून वितळवली असती तर त्या काळातल्या व्यापाराचा केवढा पुरावा गेला असता.

आता 'अक्षरं वाचली की झालं'. कॉन्स्टन्टिनुस (म्हणजेच कॉन्स्टन्टाइन), कॉन्स्टन्टिउस, कॉन्स्टन्स: चौथ्या शतकातल्या सम्राट बाप-लेकांची नावं. रोमन लिपीत यांतली पहिली सात अक्षरं तिन्हींत सारखी! नावाची सुरुवात लख्ख दिसत असूनही सम्राट कोण ते ठरत नाही, शेपूट दिसायला हवी. त्यात थोरला आणि धाकटा कॉन्स्टन्टाइन यांचं नाव तर एकच.

चेहऱ्याचं म्हणाल, तर पहिल्या-दुसऱ्या शतकापुरतं ते चालतं. नीरोची जाडजूड मान, व्हेस्पेशियनचं टक्कल, 117 मध्ये गादीवर आलेल्या हेड्रियनची दाढी, हे झिजूनही कळतं. चौथ्या शतकात सगळे एकाच साच्यातले, तुळतुळीत दाढी केलेले. ज्युलियनसारखा एखादा दाढीवाला अपवाद. तिथे चेहरा सोडा, डोक्यावर काय आहे ते बघा. पानांची माळ, किरणांचा मुकुट की मोत्यांची पट्टी? मोत्यांची पट्टी असली तर थोरल्या कॉन्स्टन्टाइनच्या आधी जायला नको.

राहिली चिंच. देवघरातल्या तांब्याला ती ठीक. पुरलेल्या ब्राँझवर चढलेलं हिरवं-तपकिरी कवच म्हणजे नुसता मळ नव्हे. पुष्कळदा उरलंसुरलं चित्र धातूत नसून त्या कवचातच असतं. आंबटानं कवच गेलं की चित्र गेलं, खाली खड्ड्याखड्ड्यांचं लालसर तांबं उरतं. माती काढायची तर शुद्ध पाण्यात दिवसचे दिवस भिजत ठेवावं, लाकडी काडीनं हळूच टोकरावं. आणि मुख्य म्हणजे अंधार करून टॉर्चचा उजेड अगदी आडवा, नाण्याच्या कडेवरून टाकावा आणि नाणं हळूहळू फिरवावं. सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर सावल्या पडतात आणि सैनिकाचा पाय, भाल्याचा दांडा उभा राहतो.

हे मला उशिरा कळलं. माझं पहिलं रोमन नाणं मी चिंचेनंच घासलं होतं. दोन सैनिकांच्या पुसट आकृत्या आहेत अजून. मधलं निशाण एक होतं की दोन, ते मात्र चिंचेबरोबर मोरीत गेलं.