कॅमेऱ्याचा मुहूर्त

मास कॉमच्या शेवटच्या सेमिस्टरला दहा मिनिटांची फिल्म करायची होती, आणि आमच्या चौघांच्या ग्रुपची स्टोरी दोन चहात ठरली. जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे आमच्या शेतात थ्री फेज लाईट रात्रीची येते, मग आबा बारा वाजता बॅटरी घेऊन केळीच्या बागेत मोटर चालू करायला जातात, बस एवढीच गोष्ट. डायलॉग कमी, अंधार जास्त. मी स्वतःला डायरेक्टर जाहीर केलं आणि तिथूनच साडेसाती लागली, कारण अंधार शूट करायला कॅमेरा कोणता हे ठरवता ठरवता दीड महिना गेला.

तोवर माझ्या लेखी कॅमेऱ्याचे दोनच प्रकार, मोबाईलमधला आणि लग्नातला. आता रोज रात्री दोनपर्यंत यूट्यूब. एक जण म्हणतो फुल फ्रेमच घ्या, मोठा सेन्सर अंधारात जास्त उजेड गोळा करतो. दुसरा म्हणतो सेन्सर सोडा, लेन्स बघा, किटमधली १८-५५ अंधारात आंधळी, जास्त उजेड आत घेणारी ५० ची एफ १.८ लावा. लावली समजा, पण क्रॉप म्हणजे छोट्या सेन्सरवर ती ७५ सारखी, अजून झूम केल्यागत दिसते, म्हणजे मोटरीच्या खोलीत मी भिंतीत घुसलो तरी फ्रेममध्ये आबांचं नाक आणि स्टार्टरची अर्धी पेटी एवढंच मावणार. फोरके म्हणाल तर १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी, आणि माझ्या लॅपटॉपला व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ उघडतानाच धाप लागते.

विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता, तरी एकदा पप्पांसमोर खडा टाकून पाहिला. म्हटलं, दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि लंडनहून कॅमेरा आणला. पप्पा शेवभाजीत भाकरी चुरत म्हणाले, "सोताची टाकली ना, बापाची नाही." विषय संपला.

मग उरला गल्लीतला लग्नाच्या शूटिंगवाला दादा. त्याच्याकडे फुल फ्रेम होता, मॉडेल विचारलं तर "भारी आहे रे भो" एवढंच उत्तर. भाडं नको म्हणाला, पण तिथी सोडून ने. त्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर लग्नाच्या तारखांना लाल गोल, आणि एप्रिलच्या पानाला तर गोवर आल्यासारखा. मी एवढा आयएसओ, कोडेक, बिटरेट शिकलो आणि कॅमेरा शेवटी पंचांगाने दिला, कारण २०२६ मध्ये १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ, लग्नं बंद. जावयांना अनारसे, आम्हाला कॅमेरा. देताना दादाने एकच सांगितलं, सेटिंगला हात लावू नको, सगळं ऑटोवर आहे.

नाही लावला.

रात्री साडेबाराला लाईट आली, आबा बॅटरी घेऊन निघाले, आम्ही मागे, गुडघाभर चिखलात, बिबट्याच्या नावाने जीव मुठीत. एका टेकमध्ये ओके. त्या छोट्या स्क्रीनवर बघायला वेळ कोणाला होता?

सकाळी ओट्यावर लॅपटॉप उघडला तर अंधार कुठेच नव्हता. कॅमेऱ्याने आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, एवढा चढवला की केळीचं पान न् पान, घडावरची फणी न् फणी मोजून घ्या, जणू बागेत रिसेप्शन ठेवलंय. वरून दादाने नवऱ्या मुलींसाठी चेहरा मऊ करायचं काहीतरी चालू ठेवलेलं, त्यामुळे आबा गोरेपान, सत्तर वर्षांच्या सुरकुत्या साफ.

आबा बराच वेळ बघत राहिले. "हाई रात शे का दिन? मंग मी बॅटरी कसाले ली फिरी ऱ्हायनू?"

आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, "ह्या ते नवरदेव दिखी ऱ्हायनात!"

मी म्हटलं आबा, आज रात्री परत जाऊ, सेटिंग बदलून. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"ऱ्हाऊ दे आशेच."