बॅटरी मेली तरी राइट-बॅक चालूच ठेवायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पतसंस्थेच्या मंदावलेल्या सर्व्हरवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. (त्या सर्व्हरच्या डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलर कार्डची बॅटरी मेली होती, मी ती बदलली.) मी दोन दिवस उगाच घालवले, ‘बॅटरी खराब असली तरी राइट-बॅकच ठेव’ (म्हणजे डेटा डिस्कवर जाण्याआधीच ‘लिहिलं’ म्हण) असं कंट्रोलरला सांगितलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं, यूपीएस होताच, हा पहिला. खरा दोष रेड ५ चा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या त्या पद्धतीचा आहे, हा दुसरा. आणि डीडी या कॉपी करण्याच्या कमांडने मोजलेला माझा वेगाचा आकडा खोटा आहे, हा तिसरा.

तिसरा आक्षेप शंभर टक्के मान्य. १६ जीबी रॅमच्या मशिनवर १ जीबीची फाइल नुसत्या डीडीने लिहिली की ती आधी रॅममध्ये जाते आणि डीडी काम झालं म्हणून मोकळा होतो. डिस्कवर अजून काही पोचलेलंच नसतं. तो आकडा मी लेखातून काढला आहे. त्याजागी डीडीला डीसिंक हा पर्याय लावून केलेली चाचणी दिली आहे: ४ केबीचे १००० तुकडे, आधीचा तुकडा पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही. नवी बॅटरी बसवण्याआधी २३ सेकंद लागले, नंतर एका सेकंदाच्या आत.

रेड ५ छोट्या लिखाणाला जड जातं, हे खरंच. जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा: एका लिखाणामागे चार कामं. ७२०० आरपीएमच्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि वाचलेला सेक्टर पुन्हा लिहायचा तर तो हेडखाली परत येईपर्यंत एक अख्खी फेरी थांबावं लागतं. अशी डिस्क सेकंदाला ७५-८० विखुरलेली कामं करते. चार डिस्कची झाली साधारण ३००, भागिले चार, म्हणजे ७५ लिखाणं. रेड १० (पॅरिटीऐवजी डेटाच्या दोन प्रती) असतं तर भागिले दोन, म्हणजे १५०.

पण महिनाभर आधी याच चार डिस्क होत्या, हेच रेड ५ होतं, आणि कुणाची तक्रार नव्हती. संध्याकाळी पिग्मी एजंट येऊन आपापली मशिनं जोडायचे, दिवसभराच्या पावत्या दहा मिनिटांत चढायच्या. प्रत्येक पावती म्हणजे डेटाबेसमध्ये एक स्वतंत्र कमिट, म्हणजे पक्की केलेली नोंद. मी गेलो त्या दिवशी त्याच कामाला दीड तास लागला, आणि एजंट बाकावर ताटकळत बसले होते. डिस्कचं काम दाखवणाऱ्या आयओस्टॅट कमांडमध्ये लिखाण सेकंदाला जेमतेम १ एमबी दिसत होतं, तरी व्हॉल्यूम (चारही डिस्क मिळून झालेला साठा) १०० टक्के व्यस्त. कंट्रोलरला विचारलं तर मूळ धोरण राइट-बॅक, सध्याचं धोरण राइट-थ्रू, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्यावरच ‘लिहिलं’ म्हणायचं. दोन ओळी एकाखाली एक होत्या आणि त्यांचं आपसात जुळत नव्हतं. कार्ड बाहेर काढलं तेव्हा बॅटरी फुगून प्लास्टिकच्या चौकटीबाहेर आलेली होती.

आता पहिला आक्षेप. माझ्या मते तो घातक आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

राइट-बॅकमध्ये कंट्रोलर डेटा स्वतःच्या कॅशेत (तात्पुरत्या मेमरीत) घेतो आणि लगेच ‘लिहिलं’ असं कळवतो. डिस्कवर तो सवडीने, क्रम लावून, एकत्र करून लिहितो. वेग येतो तो इथून. डेटाबेस त्या शब्दावर विश्वास ठेवून कमिट पूर्ण झाल्याचं सांगतो आणि एजंटाला पावती मिळते. मध्येच वीज गेली तर तो शब्द पाळायचं काम बॅटरीचं. बॅटरी नसेल तर पावती खातेदाराच्या हातात आणि नोंद कुठेच नाही. त्यातही डेटा लिहिला गेला आणि पॅरिटी राहिली, असं झालं तर तो पट्टा (डिस्कांवर वाटलेला तेवढा डेटा आणि त्याची पॅरिटी) विसंगत होतो, आणि ते कळतं पुढे एखादी डिस्क गेल्यावर, रिबिल्ड करताना, म्हणजे तिचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करताना. कंट्रोलर आपणहून राइट-थ्रूवर गेला तो यासाठीच. त्याने संस्थेचा डेटा वाचवला.

यूपीएसचं म्हणाल तर तो भिंतीपासून सर्व्हरपर्यंतची काळजी घेतो. सर्व्हरच्या आतला पॉवर सप्लाय जळला, किंवा झाडताना कुणाच्या पायात वायर अडकली, तर यूपीएस काय करणार? त्याच संस्थेत तो सर्व्हर टेबलाखाली, जमिनीवर होता. शिवाय यूपीएसच्या बॅटऱ्याही म्हाताऱ्या होतातच.

तुमचा सर्व्हर दोन वर्षं असाच जबरदस्तीच्या राइट-बॅकवर चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून आजच बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशिनवर उघडतो का ते बघा, आणि नवी बॅटरी येईपर्यंत राइट-थ्रूवर या. संथ चालेल, चालू द्या. एसएसडी लावायचा तुमचा सल्ला मात्र योग्य आहे. पुढच्या आर्थिक वर्षात संस्था तेच करणार आहे. फक्त वीज गेली तरी हातातलं लिखाण पूर्ण करण्याची सोय असलेल्याच एसएसडी घ्या, घरगुती स्वस्तातल्या नकोत.

शेवटी तुमचा प्रश्न: चांगली बॅटरी असलेला तुमचा दुसरा सर्व्हर दर तीन महिन्यांनी काही तास का रेंगाळतो? बहुधा ते बॅटरीचं लर्न सायकल असावं. कंट्रोलर बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरतो आणि तिची क्षमता मोजतो, तोवर बरेच कंट्रोलर राइट-थ्रूवर राहतात. कंट्रोलरच्या इव्हेंट लॉगमध्ये त्या तारखा सापडतील. जुळल्या तर ते चक्र बंद करू नका, रविवारी पहाटे लावा.