ग्रहांची यादी शेवटी, आधी मैदान

बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ... ही यादी लहान मूल दोन दिवसांत घडाघडा म्हणून दाखवतं आणि मोठ्यांना वाटतं, झाली सूर्यमाला शिकवून. माझं ठाम मत आहे की यादी सगळ्यात शेवटी यावी. आधी अंतर कळायला हवं.

भिंतीवरच्या तक्त्यात आठही ग्रह सूर्याला खेटून, एका रांगेत असतात. त्यात छापणाऱ्याचा दोष नाही. आकार आणि अंतर एकाच प्रमाणात कागदावर मावतच नाहीत. पण मूल ते चित्र खरं मानतं आणि ती समजूत पुढे सहजी निघत नाही.

म्हणून मोठं मैदान किंवा वाहनं नसलेली लांब वाट शोधा. पृथ्वी १ मिलिमीटरची धरली, तर सूर्य ११ सेंटिमीटरचा होतो. पिवळ्या कार्डशीटची तेवढ्या व्यासाची चकती कापून काठीला लावा. गुरू ११ मिलिमीटर, शनी ९, युरेनस आणि नेपच्यून प्रत्येकी ४. हे चार क्लेचे वळा. आतले चार मात्र वळायला जाऊ नका, बोटांतच हरवतील. पांढऱ्या कार्डांवर बारीक पेनानं ठिपके द्या: शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढा, मंगळ अर्धा मिलिमीटर, बुध त्याहूनही बारीक.

आता टेप घ्या. सूर्यापासून बुध साडेचार मीटरवर, शुक्र साडेआठ, पृथ्वी पावणेबारा, मंगळ १८. पृथ्वीच्या कार्डावर ३ सेंटिमीटर अंतरावर चंद्राचा ठिपका द्या आणि सांगा, माणूस आजवर साधारण एवढाच लांब गेलाय. त्यानंतर गुरू थेट ६१ मीटरवर! मंगळ ते गुरू ही ४३ मीटरची रिकामी चाल मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. तिथे माहिती सांगत बसू नका, मुलांना नुसतं चालू द्या. लघुग्रहांचा पट्टा याच टप्प्यात येतो, पण त्यातला सर्वांत मोठा सेरेससुद्धा या मापात मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान, म्हणजे दिसणारच नाही. पुढे शनी ११२ मीटर, युरेनस २२५, नेपच्यून ३५३.

पावलांनी मोजण्याचा मोह टाळा. दमल्यावर मुलांची पावलं आखूड होतात आणि नेपच्यून भलताच अलीकडे येतो. शिवाय आतले चार ग्रह तरी सूर्याच्या वेगवेगळ्या दिशांना ठेवा, नाहीतर तक्त्यातली रांग मैदानावरही येईल.

जागाच नसेल तर सव्वातीन मीटर दोरी घ्या. एका टोकाला सूर्य, तिथून ४, ७, १०, १५, ५२, ९५, १९२ आणि ३०१ सेंटिमीटरवर मणी. इथे अंतरं प्रमाणात आहेत, मण्यांचे आकार नाहीत, हे मुलांना स्पष्ट सांगा.

आणि मग आकाश. पहिली ओळख गुरूची करून द्यावी. १० बाय ५० ची, म्हणजे १० पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, साधी द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण) पुरते, पण हातात धरली तर चित्र थरथरतं आणि मूल 'काहीच दिसत नाही' म्हणून वैतागतं. स्टँडवर लावा किंवा कठड्यावर टेकवा. गॅलिलिओनं १६१० मध्ये पाहिलेले चार चंद्र गुरूच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. कधी तीनच दिसतील, कारण एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे असतो. मुलांना ते वहीत काढू द्या, दुसऱ्या रात्री पुन्हा. जागा बदललेल्या दिसल्या की चंद्र फिरतात हे वेगळं सांगावं लागत नाही. शनीची कडी मात्र या द्विनेत्रीतून दिसत नाहीत. त्यासाठी किमान २५ ते ३० पट मोठं दाखवणारी दुर्बीण लागते, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

शुक्र आणि बुध आकाशात सूर्यापासून फार लांब जात नाहीत, म्हणून ते संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला शोधायचे. संध्याकाळी सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय द्विनेत्री मुलांच्या हातात देऊ नका, आणि पहाटे सूर्य उगवायच्या आत ती काढून घ्या. तिच्यातून सूर्य क्षणभर जरी दिसला, तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.