जुन्या स्टिरिओला डिजिटल फाइल ‘चालत नाही’? मुद्देसूद उत्तर

जुने स्टिरिओ सेट बाळगणाऱ्यांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच. डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो. सत्तरच्या दशकातले ॲम्प्लिफायर त्यासाठी बनलेले नाहीत. अशा आवाजाने जुने स्पीकर फाटतात. फाइलमधून निम्मं संगीत गाळलेलं असतं. वाजवायचंच असेल तर निदान २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइली हव्यात. नाहीतर सेट तबकड्यांपुरता ठेवा किंवा विकून टाका. हा शेवटचा सल्ला ऐकून लोक धडधाकट सेट काढून टाकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो.” एकीकडे गुळगुळीत लहर आणि शेजारी जिन्यासारखी डिजिटल लहर, हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण असा जिना असलाच तर डॅकच्या, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या यंत्राच्या, पोटात असतो. तारेतून बाहेर येणाऱ्या सिग्नलमध्ये नसतो. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये सेकंदाला लहरीच्या उंचीचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांच्या आकड्यात लिहिलेला. त्यांवरून २२,०५० हर्ट्झच्या आतली कुठलीही लहर नेमकी परत उभी करता येते. याची गणिती सिद्धता अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केली. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, वयाबरोबर तेही उतरतं. डॅकच्या शेवटी बसवलेला फिल्टर ही लहर सलग करूनच बाहेर सोडतो. लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावून खात्री करता येते. (मुद्दाम फिल्टर न लावलेले काही डॅक मिळतात आणि त्यांत पायऱ्या खरंच दिसतात, पण ती त्या यंत्राची रचना झाली, फाइलचा दोष नव्हे.) १६ बिटांत आकडे जवळच्या पूर्णांकाला नेल्याने जी सूक्ष्म खरखर उरते, ती सर्वांत मोठ्या आवाजाच्या सुमारे ९६ डेसिबल खाली असते. चांगल्या तबकडीचा स्वतःचा खरखराट साधारण ७० डेसिबल खाली असला तरी नशीब समजायचं.

“जुने ॲम्प डिजिटलसाठी बनलेले नाहीत.” ॲम्पला डिजिटल काही मिळतच नाही. त्याच्या दारात येतो तो डॅकमधून निघालेला साधा, चढउतार होणारा व्होल्टेज, कॅसेट डेकमधून येतो तसाच. शिवाय हे ॲम्प नवे होते तेव्हाच त्यांतून डिजिटल आवाज वाजत होता. बीबीसीने १९७२ पासून आपल्या एफएम प्रक्षेपकांपर्यंत कार्यक्रम पोचवायला १३ बिटांची पीसीएम, म्हणजे आवाज आकड्यांत मोजून पाठवणारी, यंत्रणा वापरायला घेतली. त्याच सुमारास जपानच्या डेनॉनने पीसीएम रेकॉर्डरवर मुद्रित केलेल्या तबकड्या काढायला सुरुवात केली. आणि अलीकडे, २०२२ साली, मोबाइल फिडेलिटी या तबकड्यांच्या कंपनीला मान्य करावं लागलं की तिच्या अनेक नावाजलेल्या आवृत्त्या मूळ टेपवरून आधी डिजिटल प्रत घेऊन केलेल्या होत्या. निव्वळ ॲनालॉग आवाज म्हणून त्यांना वाखाणणाऱ्या जाणकारांना तो टप्पा कानाला जाणवला नव्हता.

तरीही या मुद्द्यामागे एक खरा अनुभव आहे आणि तो धुडकावून लावणं बरोबर नाही. पुष्कळांनी फाइल वाजवून पाहिली आणि आवाज खरंच वाईट आला. कारण जवळजवळ नेहमी दोनांपैकी एक असतं.

पहिलं, चुकीचं सॉकेट. मागे फोनो लिहिलेलं सॉकेट रिकामं दिसतं म्हणून त्यात पिना खोचल्या जातात. ते सॉकेट टर्नटेबलच्या काही मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी असतं. ते त्याला सुमारे १०० पट वाढवतं आणि वर तबकड्यांसाठी ठरलेल्या आरआयएए वक्राप्रमाणे खर्ज चढवून उंच स्वर उतरवतं. २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल वर, २०,००० हर्ट्झला तितकंच खाली. तिथे डॅक लावला की घुसमटलेला, फाटका आवाज येणारच. ऑक्स, ट्यूनर किंवा टेप प्ले हेच योग्य सॉकेट. पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असेल तर टेपच्या जागी ३ आणि ५ या पिना आत येणाऱ्या डाव्या-उजव्या आवाजाच्या आणि २ ही ग्राउंडची. पुष्कळ तयार तारा १ आणि ४ ला जोडलेल्या असतात; त्या ॲम्पमधून बाहेर रेकॉर्डिंगला जाणाऱ्या पिना.

दुसरं कारण जास्त फसवं आहे: सिग्नल गरजेपेक्षा मोठा असणं. सत्तरच्या दशकातल्या ॲम्पला ऑक्सवर १५० ते २०० मिलिव्होल्ट मिळाले की तो पूर्ण ताकदीने वाजतो. आजचा डॅक कमाल २ व्होल्ट देतो, म्हणजे दहापट किंवा जास्त. मग व्हॉल्यूमचा नॉब सुरुवातीच्या चिंचोळ्या भागातच फिरवावा लागतो. तिथे जुन्या पॉटचे (नॉबमागच्या बदलत्या रोधाचे) डावा-उजवा असे दोन ट्रॅक एकमेकांशी जुळत नाहीत आणि गाणं एका बाजूला झुकतं. त्यातून लाउडनेसचं बटण दाबलेलं असेल तर आणखी पंचाईत. ती सोय हळू आवाजात ऐकताना खर्ज भरून काढण्यासाठी आहे. नॉब जितका खाली तितका खर्ज जास्त. मोठ्या सिग्नलमुळे आवाज मोठा असूनही नॉब खालीच राहतो, लाउडनेस पूर्ण जोरात चालू राहतो आणि सगळं गदगदून जातं. लोक म्हणतात, डिजिटल या सेटला शोभत नाही. काही ॲम्पमध्ये पॉटच्या आधीच ट्रान्झिस्टरचा एक टप्पा असतो; तिथे तर २ व्होल्टच्या लहरीचं डोकंच कापलं जाऊ शकतं. उपाय सोपा आहे. मध्ये १० ते १२ डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल लहान करणारा जोड) लावा, किंवा डॅक २४ बिटांचा असेल तर प्लेअरमधलाच आवाज तेवढा खाली घ्या. नॉब मधल्या पट्ट्यात आला की तोच सेट मोकळा वाजू लागतो.

“स्पीकर फाटतात.” स्पीकर जळतात ते ॲम्पकडून त्याच्या ताकदीपेक्षा जास्त मागितल्यावर. कापलेल्या लहरीतली जादा ऊर्जा ट्विटरला, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला, जाते. नव्वदच्या दशकापासून अनेक मुद्रणं दाबून सतत मोठी ठेवलेली असतात, त्यामुळे त्याच नॉबवर स्पीकरला सरासरी ताकद जास्त जाते, इतकं या दाव्यात खरं आहे. तेव्हा हात आवरता ठेवावा आणि फोनची सूचनांची टिणटिण बंद करावी. पण दुसरी बाजू हा मजकूर सांगतच नाही. वाकलेल्या तबकडीतून काही हर्ट्झचे, ऐकू न येणारे धक्के येतात आणि वूफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा, कोन डोळ्यांना दिसेल इतका आतबाहेर होतो. फाइलमध्ये हा त्रास नसतो.

“निम्मं संगीत गाळलेलं असतं.” १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत झांजेची किणकिण विस्कटते, हे मान्य. फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये मात्र काहीच गाळलं जात नाही. फाइल लहान होते आणि वाजताना प्रत्येक बिट जसाच्या तसा परत येतो. ब्लूटूथवरून पाठवलं तर बहुधा पुन्हा गाळणी लागते, म्हणून तार बरी.

“२४ बिट, १९२ किलोहर्ट्झच हवं.” ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हाय-रेझोल्यूशन मुद्रणाच्या वाटेत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घातला होता. तो आहे की नाही, हे नेहमीच्या आवाजात ऐकणाऱ्यांना ओळखता आलं नाही.

राहिला सेट विकण्याचा सल्ला. या सेटना खरा धोका वयाचा आहे: सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, खरखरणारे नॉब आणि स्विच, वूफरच्या कडेचा भुगा झालेला फोम. तबकडी लावा की फाइल, हे व्हायचं ते होतंच. फोम नवा बसवता येतो, नॉब आणि स्विच काँटॅक्ट क्लीनरने साफ होतात. कपॅसिटर बदलायचं काम मात्र जाणत्या माणसाकडेच द्यावं आणि त्याच वेळी आउटपुट ट्रान्झिस्टरचा बायस (आवाज नसतानाही त्यातून वाहणारा ठरावीक प्रवाह) तपासून घ्यावा.