‘300 एचपीच्या वर कन्व्हर्टरच घ्या’ : या मेसेजला उत्तर

आमच्या बेळगाव भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. निपाणीपासून खानापूरपर्यंत ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे तो पोचलाय. सार असं: ‘300 एचपीच्या वरची गाडी घ्यायची तर टॉर्क कन्व्हर्टरचीच घ्या. कन्व्हर्टर टॉर्क दुप्पट करतो, म्हणून घाटात गाडी दुप्पट ओढते. स्टॉल जेवढा जास्त तेवढा पिकअप जास्त. एएमटीत नुसता क्लच जळतो. ऑटोमॅटिकचं ऑइल कधी बदलावं लागत नाही. नवी गाडी परवडत नसेल तर स्क्रॅपमधला गिअरबॉक्स आणून जुन्या गाडीला बसवा.’

आधी शब्द समजून घ्या. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलानं जोडणारा भाग. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर मशीन चालवतं. स्टॉल म्हणजे चाक अडलेलं असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर इंजिन जेवढ्या आरपीएमपर्यंत जातं तो आकडा.

मेसेजमधली क्लचची गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीचं वाचून कुणी कर्ज काढून गाडी बुक केली, तर हप्ते फेडताना रडायची वेळ येईल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘टॉर्क दुप्पट’ हे खरं आहे, पण कधी? कन्व्हर्टरमध्ये तीन पंखे असतात. इंजिनाकडचा इम्पेलर तेल फेकतो, त्या तेलानं गिअरबॉक्सकडचा टर्बाइन फिरतो आणि मधला स्टेटर परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतो. टॉर्क वाढतो तो या वळवण्यामुळं. गाडी जागेवर उभी आणि इंजिन फिरतंय, अशा वेळी तो साधारण दुप्पट होतो. गाडीनं वेग धरला की ही वाढ उतरत जाते, आणि टर्बाइन इम्पेलरच्या जवळपास 85-90 टक्के वेगानं फिरायला लागला की संपते. मग लॉक-अप क्लच लागतो आणि इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडलं जातं. म्हणजे दुप्पट जोर मिळतो तो गाडी उठण्यापुरता. वंटमुरी घाट किंवा तवंदी घाट चढताना लॉक-अप लागलेला असेल, तर कन्व्हर्टर जास्तीचं काहीच देत नाही.

उठतानाचा हिशोबही मांडून बघा. ॲलिसन कंपनीच्या 4000 मालिकेतल्या क्लोज रेशो (गिअर एकमेकांच्या जवळ असलेल्या) ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर 3.51 चा आहे, म्हणजे तो टॉर्क 3.51 पट करतो. कन्व्हर्टरचे दुप्पट धरले तर 7 च्या आसपास. व्होल्वोच्या 12 गिअरच्या आय-शिफ्ट एएमटीचा पहिला गिअर, डायरेक्ट ड्राइव्हच्या (सगळ्यात वरचा गिअर 1 चा) प्रकारात, 14.94 चा. डिफरन्शियल सारखंच धरलं तर भरलेली गाडी जागेवरून उठवताना चाकाला जास्त जोर कुठून मिळतो ते दिसतंच.

पण मला सगळ्यात जास्त खटकतो तो घाटाचा मुद्दा, कारण आपल्याकडच्या गाड्यांचं खरं काम तिथंच आहे. 55 टन पासिंगचा ट्रेलर घ्या. 2018 मध्ये सरकारनं कमाल वजनाची मर्यादा 49 टनांवरून 55 वर नेली, तेव्हापासून असे ट्रेलर हायवेवर दिसतात. 100 मीटरला 6 मीटर असा चढ धरा. वजन आणि टायरचं घर्षण मिळून साधारण 36 हजार न्यूटन एवढी ओढ लागते. 300 एचपी म्हणजे 220 किलोवॅट, त्यातले चाकापर्यंत 195 पोचले तर वेग मिळतो ताशी 20 किलोमीटरच्या आतबाहेर. ताकद तेवढीच असेल तर कुठलाही गिअरबॉक्स लावा, हा वेग फारसा बदलत नाही. मात्र इंजिन त्याच्या पट्ट्यात टिकलं पाहिजे. ट्रकचं डिझेल इंजिन सगळ्यात जास्त टॉर्क साधारण 1000 ते 1500 आरपीएममध्ये देतं. गिअरच्या पायऱ्यांना महत्त्व येतं ते इथं. त्याच ॲलिसनमध्ये पहिला 3.51 आणि दुसरा 1.91, म्हणजे मधली पायरी 1.84 पटीची. दुसऱ्यावर इंजिन 1000 वर दबलं आणि गिअर खाली पडला की आरपीएम सरळ 1840 वर जातो. इंजिन एकतर घुसमटतं, नाहीतर बोंबलतं. 12 गिअरच्या एएमटीत पायरी सरासरी 1.28 पटीची आहे. 1000 वरून 1280. पट्ट्याच्या मधोमध. अनमोड घाटाच्या वळणांवर वेग सारखा वरखाली होतो, तिथं ड्रायव्हरला हा फरक कानानं कळतो आणि मालकाला डिझेलच्या बिलात.

स्टॉलबद्दल. जास्त स्टॉलचा सल्ला येतो तो परदेशातल्या पेट्रोल गाड्यांच्या शर्यतींच्या व्हिडिओंतून. त्या इंजिनांचा टॉर्क 3000-4000 च्या पुढं येतो, म्हणून त्यांना तो लागतो. आपलं डिझेल 1200 वरच भरात असतं. शिवाय स्टॉल हा कन्व्हर्टरवर छापलेला कायमचा आकडा नाही. 800 न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनामागं जो कन्व्हर्टर 1500 वर स्टॉल होतो, तोच 1200 न्यूटन-मीटरच्या इंजिनामागं 1800 च्या वर जातो. रिमॅप करून, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाचा टॉर्क वाढवून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आकारानंही गणित बदलतं: व्यास 10 टक्के वाढला तर कन्व्हर्टर 60 टक्क्यांहून जास्त टॉर्क पेलतो. म्हणून निवड टॉर्क बघून करायची, एचपी बघून नाही. गिअरबॉक्सचंही तसंच. झेडएफ कंपनीच्या 9एस1110 या गिअरबॉक्सच्या नावात 9 म्हणजे गिअर, आणि पुढचा आकडा साधारण 1100 न्यूटन-मीटर इनपुट टॉर्कची मर्यादा सांगतो. त्यात एचपी कुठंच नाही.

आणि उष्णता. गाडी अडकलीय, ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय, चाक हलत नाही. इंजिन 1500 आरपीएमवर 1100 न्यूटन-मीटर देतंय, म्हणजे 170 किलोवॅटच्या वर ताकद, आणि ती सगळी तेल तापवण्यात जाते. 25 लिटर तेल धरलं आणि कूलर हिशोबात घेतला नाही, तर दर सेकंदाला जवळपास 4 अंश. दहा सेकंदांत 40. मेसेज पाठवणाऱ्यानं कूलरबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

आता क्लच. इथं मेसेज अर्धा खरा आहे. एएमटीत साधाच क्लच असतो, फक्त तो मशीन दाबतं. अथणी-रायबागकडं हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. भरलेली गाडी दोन-दोन हात पुढं घ्यायची, तीही तासन् तास. असं सरकणं क्लचला मारतं. काळ्या मातीच्या ओल्या फडातून बाहेर पडताना आणखी एक अडचण: एएमटी गिअर बदलताना क्षणभर ओढ तोडते आणि तेवढ्यात गाडी रुतते. कन्व्हर्टरची गाडी ओढ न तोडता गिअर बदलते. तेव्हा फड ते कारखाना एवढंच काम असेल, किंवा खाणीवरचा टिप्पर, ट्रान्झिट मिक्सर, कचऱ्याची गाडी असेल, तर कन्व्हर्टर घ्या, मी स्वतः तोच सुचवीन. पण बेळगावहून पुणे, बेंगळूरू किंवा गोव्याला लोड नेणाऱ्या ट्रेलरला 12 गिअरची एएमटीच. क्लच ड्रायव्हरवर आहे: रांगेत पुढच्या गाडीपासून अंतर सोडा, मग एकदम पुढं घ्या, चढावर ॲक्सिलरेटरनं गाडी धरून ठेवू नका, ब्रेक लावा.

ऑइल बदलावं लागत नाही, हे साफ खोटं. ऑइल आणि फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या वेळेला बदलायचं, आणि ग्रेड तिनं सांगितलेलाच. डिपस्टिक पुसून पांढऱ्या फडक्यावर तेल घ्या. जळका वास आणि काळपट रंग म्हणजे ऑटोमॅटिकच्या आतल्या, गिअर धरणाऱ्या क्लचच्या प्लेटा घासल्यात. तेल दुधाळ दिसलं तर कूलर फुटून पाणी शिरलंय. तशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. स्टॉल टेस्टला (ब्रेक लावून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघायची चाचणी) आरपीएम ठरल्यापेक्षा बरंच खाली आलं तर इंजिन कमजोर आहे किंवा स्टेटरचा वन-वे क्लच सुटलाय, वर गेलं तर आत प्लेटा सरकताहेत. हे कळलं म्हणजे सगळा गिअरबॉक्स उघडायची वेळ टळते.

राहिला स्क्रॅपचा गिअरबॉक्स. बेळगावच्या उद्यमबागेत बेल हाउसिंगला (इंजिनाला जोडणारं गिअरबॉक्सचं तोंड) जोडणारी ॲडॉप्टर प्लेट कुणीही उत्तम बनवून देईल, त्या कारागिरीबद्दल मला शंका नाही. अडतं पुढं. ऑटोमॅटिकचा कंट्रोलर इंजिनाच्या कंट्रोलरकडून टॉर्क आणि ॲक्सिलरेटरची माहिती सतत मागतो. ती मिळाली नाही तर तो कुठल्या दाबानं प्लेटा धरायच्या ते ठरवू शकत नाही आणि गिअर धक्क्यानं पडतो किंवा सरकतो. जुना रेडिएटर ते जास्तीचं तेल थंड करू शकत नाही. गिअरबॉक्सपासून चाकांकडं जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते. आणि मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं गाडीच्या नोंदणीतला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. गाडी केए-22 ची (बेळगाव) असो की केए-23 ची (चिक्कोडी), अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर असा बदल बघतोच.