थेम्सवरची होडी आणि कारकुनांची बोली

"तीन रिकामटेकडे होडीतून भटकतात, पावसात भिजतात आणि घरी येतात. ना कथानक, ना शेवट. पाठ्यपुस्तकात एखादा उतारा ठीक आहे, पण अभिजात कसलं म्हणता?" वकिलांनी सुरुवातीलाच निकाल देऊन टाकला.

बोलणं चाललं होतं इंग्रज विनोदी लेखक जेरोम के. जेरोमच्या 'थ्री मेन इन अ बोट' या कादंबरीबद्दल. लेखक, त्याचे मित्र जॉर्ज आणि हॅरिस आणि मॉन्टमोरेन्सी नावाचा कुत्रा थेम्स नदीवर होडीतून सहल करतात, ती ही गोष्ट. आमच्यातल्या धाकट्यानं नववीत, सीबीएसईच्या इंग्रजीच्या पुस्तकात, त्यातला सामान बांधण्याचा प्रसंग वाचला होता. परवा त्यानं अख्खी कादंबरी वाचून काढली आणि कट्ट्यावर तिची स्तुती केली, एवढंच निमित्त.

डॉक्टर लगेच पुढे सरसावले. "आजारपणावर असं कुणी लिहिलंय का सांगा! हा गडी किरकोळ दुखण्याचा उपाय शोधायला ब्रिटिश म्युझियममध्ये जातो, वैद्यकाचा ग्रंथ उघडतो आणि पानागणिक त्याला कळत जातं की हाही रोग आपल्याला आहे आणि तोही आहे. मोलकरणींना फरशी पुसून पुसून गुडघ्याला होतो, तेवढा एक सोडून सगळे! माझ्याकडे येणारे कितीतरी पेशंट मोबाइलवर हेच करून येतात. आणि डॉक्टरमित्र त्याला काय लिहून देतो? दर सहा तासांनी मांसाचा तुकडा आणि बिअर, रोज सकाळी दहा मैल चालणं, रात्री अकराला झोप, आणि न कळणाऱ्या गोष्टी डोक्यात भरायच्या नाहीत. याहून चांगलं प्रिस्क्रिप्शन मीही देऊ शकणार नाही."

"म्हणजे विनोद चांगला आहे. तो कुठे नाकारला मी?" वकील म्हणाले.

इथे मास्तर बोलायला लागले. ते बोलायला लागले की आम्ही मध्ये तोंड घालत नाही. त्यांचं म्हणणं असं की हे पुस्तक 1889 सालीच का आलं, ते आधी बघा. 1870 च्या शिक्षण कायद्यानं इंग्लंडमध्ये सामान्यांच्या घरातली मुलं शाळेत गेली. वीस वर्षांत वाचणारा एक नवाच वर्ग तयार झाला. दुकानातला, बँकेतला, रेल्वेतला कारकून. सुट्टीच्या दिवशी रेल्वेनं थेम्सकाठी जाऊन तासाच्या भाड्यानं होडी घेणं त्याला परवडायला लागलं होतं. जेरोमचा जॉर्ज म्हणजे जॉर्ज विनग्रेव्ह, खरोखरच बँकेतला माणूस. हॅरिस म्हणजे कार्ल हेन्शेल, पोलंडात जन्मलेला, लंडनमध्ये छपाईच्या धंद्यात असलेला. जेरोम स्वतः पोरवयात आईबापाविना झालेला, रेल्वेत रुळांकडेचा कोळसा गोळा करण्यापासून सुरुवात केलेला. सरदारांची पोरं नव्हेत ही. कामावर रजा टाकून निघालेली माणसं.

"म्हणूनच टीकाकार पिसाळले," मास्तर म्हणाले. "'पंच' या विनोदी साप्ताहिकानं त्याला 'आरी के. आरी' असं नाव ठेवलं, म्हणजे लंडनच्या गल्लीतला उनाड. जेरोमनंच आठवणींत लिहिलंय, एका वर्तमानपत्रानं त्याला इंग्रजी साहित्यावरचं संकट म्हटलं आणि दुसऱ्यानं लिहिलं, खालच्या वर्गाला जास्त शिकवलं की असं होतं. त्यांना राग विनोदाचा नव्हता. ही माणसं आपल्याच बोलीत छापून आली, त्याचा होता."

मला मास्तरांचं हे म्हणणं शंभर टक्के पटतं, आणि मी त्यात भर घातली. जेरोमला मुळात थेम्स नदीचा इतिहास लिहायचा होता. नुकतंच लग्न झालं होतं, मधुचंद्र थेम्सवरच झाला होता आणि परत आल्यावर तो लिहायला बसला. काठावरचे वाडे, राजे, लढाया. मध्येच थोडा विनोद, म्हणजे वाचणारा कंटाळणार नाही. पुस्तक क्रमशः येत होतं 'होम चाइम्स' या नियतकालिकात. त्याचे संपादक एफ. डब्ल्यू. रॉबिन्सन यांनी इतिहासाचे बरेचसे ढीग उचलून बाहेर टाकले. उरली ती मित्रांची बडबड. तंबू कुणी ठोकायचा, अननसाचा डबा उघडायला काहीच कसं आणलं नाही, हॅम्प्टन कोर्टच्या भूलभुलैयात वीस जणांना घेऊन हॅरिस कसा हरवला. जगानं जपून ठेवली ती हीच. संपादकाच्या हातून इतिहासाचे जे तुकडे वाचले, उदाहरणार्थ रनीमीडला मॅग्ना कार्टाचं, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या सनदेचं वर्णन, तिथे आजही वाचणारा न वाचताच पानं उलटतो. पुस्तक एकसंध नाही, हा वकिलांचा एवढा आक्षेप खरा आहे.

"आणि गोरिंगची ती बाई?" वकिलांनी बरोबर दुखरी जागा पकडली. "हसता हसता मध्येच प्रेत? संपादकानं तेही काढायला हवं होतं."

धाकट्यालाही तसंच वाटत होतं. मला मुळीच वाटत नाही. गोरिंगजवळ या तिघांना पाण्यात काहीतरी काळं वाहत येताना दिसतं. ती एक बाई असते. फसवलेली, घरच्यांनी दार लावून घेतलेली, पदरात मूल. दिवसाला बारा तास राबून आठवड्याला बारा शिलिंग मिळवणारी. त्यातले सहा मुलासाठी जायचे, उरलेल्या सहात स्वतःचा जीव जगवायचा. जेरोम हा हिशेब पानावर मांडतो आणि सल्ले देत बसत नाही. मग होडी पुढे निघते. ज्यानं रुळांकडेचा कोळसा वेचला, त्याला सहा शिलिंगांत आठवडा कसा जातो हे ठाऊक होतं. त्याच नदीवर हे तिघे सुट्टी घालवताहेत. हे पान काढलंत तर राहील ती नुसती सहल.

वकील थोडे गप्प झाले, पण ऐकणारे नव्हते. "बरं, मग वारसा कुठला? दाखवा."

इथे सगळेच बोलायला लागले. डॉक्टरांनी अंकल पॉजर काढला. भिंतीवर एक तसबीर लावायला अख्खं घर कामाला लावणारा, काढून ठेवलेल्या कोटावर बसून सगळ्यांना तोच कोट शोधायला लावणारा, आणि मध्यरात्री तसबीर वाकडी लावून 'अशा कामाला लोक माणूस बोलावतात' म्हणून छाती फुगवणारा. हाच पॉजर उर्दूत इम्तियाज़ अली ताज यांनी 'चचा छक्कन' करून आणला. धाकटा म्हणाला, मग आपला चिमणरावही तिकडूनच आला असेल. मास्तरांनी त्याला तिथेच थांबवलं. साम्य दिसलं म्हणून नातं जोडायचं नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव पुण्याच्या घराघरांतून आला आहे.

बाकी यादी मास्तरांचीच. अमेरिकेत तेव्हा परदेशी लेखकांसाठी कॉपीराइटचा कायदा नव्हता म्हणून चोरून छापलेल्या प्रती दहा लाखांवर गेल्याचं जेरोम स्वतः सांगतो, त्याला त्यातला छदाम मिळाला नाही. 1975 साली नाटककार टॉम स्टॉपर्डनं बीबीसीसाठी रूपांतर केलं. 1979 साली सोव्हिएत दूरदर्शननं आंद्रेई मिरोनोव्हला घेऊन चित्रपट काढला. लेखिका कॉनी विलिसनं पुस्तकाच्या उपशीर्षकातला कुत्रा उचलून आपल्या विज्ञानकादंबरीला 'टू से नथिंग ऑफ द डॉग' असं नाव दिलं आणि तिला 1999 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

कुत्र्यावरून धाकटा हिरमुसला. प्रस्तावनेत जेरोम म्हणतो की यातले प्रसंग खरेच घडले, जॉर्ज, हॅरिस आणि मॉन्टमोरेन्सी हाडामांसाचे आहेत. आणि मास्तर सांगत होते, तिघांत कुत्रा नव्हताच, तो जेरोमनं रचला. "मग स्ट्यू शिजत असताना मेलेला उंदीर तोंडात धरून आणून देतो, ते?"

"तेही रचलेलं."

"शेवटी ही मंडळी प्रवास तरी पुरा करतात का?" वकिलांनी पुन्हा मुद्दा गाठला. "ऑक्सफर्डहून परतताना दोन दिवस पाऊस लागतो, तर वाटेत पॅंगबोर्न गावाला होडी टाकून सरळ लंडनच्या गाडीत बसतात!"

"आणि लंडनमध्ये पोटभर जेवतात," डॉक्टर म्हणाले. "मीही तेच केलं असतं."

वकिलांनी धाकट्याकडून पुस्तक मागून घेतलं. गोरिंगचं पान पुन्हा वाचतो म्हणाले, मॅग्ना कार्टाचं वाचणार नाही हेही सांगून टाकलं.