‘वर्षभर वाढली नाही, म्हणजे आता वाढणार नाही’ हे खरं नाही

कानाच्या नसेवरच्या गाठीबद्दल एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. गाठ कर्करोगाची नसते. पहिल्या वर्षी वाढली नाही तर पुढेही वाढत नाही. ऐकू नीट येत असेल तर ती शांतच आहे. मग दरवर्षी एमआरआय कशाला?

पहिलं विधान बरोबर आहे. व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणजे तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातली गाठ, आणि ती कर्करोगाची नसते. पण पुढचं ऐकून कुणी तपासणी सोडली तर नुकसान त्याचंच आहे, म्हणून हे लिहितो आहे.

पहिल्या वर्षाचं आधी. डेन्मार्कमध्ये निरीक्षणाखाली ठेवलेल्या 552 रुग्णांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. ही नस हाडातल्या ज्या अरुंद बोगद्यातून जाते, त्यातच असलेल्या गाठींपैकी 17 टक्के वाढल्या, बोगद्याबाहेर आलेल्यांपैकी सुमारे 29 टक्के. म्हणजे बहुतेक गाठी वाढल्या नाहीत, हा दिलासा खराच. पण ज्या वाढल्या त्या निदानानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत, फक्त पहिल्याच वर्षात नव्हे. शिवाय साधारण 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तरच ‘वाढ’ धरतात. दरवर्षी एक मिलिमीटर वाढणारी गाठ फक्त मागच्या वर्षीच्या स्कॅनशी ताडली तर प्रत्येक वेळी ‘बदल नाही’ असंच लिहून येईल. तुलना पहिल्या स्कॅनशीही व्हायला हवी. त्यासाठी नुसता रिपोर्ट नको, चित्रंही जपून ठेवा. आणि मिलिमीटर फसवे असतात: 10 मिलिमीटरची गोल गाठ 12 ची झाली की तिचं आकारमान सत्तर टक्क्यांहून जास्त वाढलेलं असतं.

ऐकण्याचं गणितही असं सरळ नाही. गाठ वाढली नाही तरी ऐकू येणं कमी होत जातं, आणि ऐकू उत्तम येत असताना गाठ वाढू शकते. कान काय सांगतो यावरून गाठीचा अंदाज बांधू नये.

मग अंदाज कशावरून? निदानाच्या वेळी मोठी असलेली, बोगद्याबाहेर आलेली किंवा आत पाणी साठलेली गाठ वाढण्याची शक्यता जास्त. तोल जात असेल तर तोही एक इशारा. पण हे सगळं गटाला लागू पडतं. तुमची गाठ काय करेल हे त्यातून नक्की कळत नाही. म्हणूनच स्कॅन. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, आणि पाठपुराव्याचा स्कॅन अनेकदा इंजेक्शनशिवायही होतो.

याचा अर्थ घाबरून लगेच उपचार घ्या असाही नाही. नॉर्वेत 100 रुग्णांवर झालेल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लहान गाठींना लगेच किरणोपचार दिल्यावर त्या आकसल्या. पण चार वर्षांनी ऐकण्याच्या बाबतीत, थांबून पाहणाऱ्यांच्या तुलनेत ठळक फायदा दिसला नाही. थांबणं हा योग्य निर्णय असू शकतो, फक्त त्यात पाहणंही येतं.

दोन्ही कानांच्या नसांवर गाठी असतील तर मात्र यातलं काहीच लावू नका. तो बहुधा एनएफ 2 जनुकाशी जोडलेला आजार असतो, आणि त्याची तपासणी व उपचार वेगळे आहेत.